दातेरी

भैरूमामानं तो दिला तेव्हा
खोक्यावर एका काळ्या हातमोज्याचं चित्र होतं
आणि हातमोज्याच्या मुठीत हाच.
"शिरोलीची रात्रपाळी," मामा म्हणाला, "आणि तुझी ती मोपेड."
एवढ्यातच सगळं आलं.
सव्वीस वर्षं फौजेत काढलेला माणूस
चहाच्या टेबलावर मला शिकवत बसला :
अंगठा इथं. खटका असा.
त्याच्या डोळ्यांत बघायचं न्हाई, हातांकडं बघायचं.
आई म्हणाली, पोहे गार व्हायल्यात.

अकरा महिने तो पर्समध्ये झोपला
लॉकरच्या किल्लीशेजारी,
फाउंड्रीच्या वाळूचे चार कण अंगावर घेऊन.
मी वाळू तपासते. ओल किती, दम किती.
साचा ढासळला तर नाव माझं.

पहिल्यांदा उघडला तो पावासाठी.
कॅन्टीनची सुरी पाव कापायची नाही, दाबायची.
रेश्मा मुल्लाणी म्हणाली,
"तुझ्याकडं हाय की तो, गुंडाचा."
खटक्याचा आवाज झाला, तीन टेबलं गप्प.
आणि पाव असा उतरला
जसा कुणी त्याला समजावून सांगितलं.

मग काय.
टोमॅटो. पार्सलची चिकटपट्टी.
नव्या चपलेचा तो अंगठ्याला चावणारा काठ.
गुळाची अख्खी ढेप, जिच्यापुढं विळी हरली होती.
शेजारच्या मगदूमकाकू दारात :
"जरा देतीस का? लगेच आणून देतो."
तीन दिवसांनी आला, कांद्याचा वास घेऊन.

एका पहाटे गंगावेशीत
म्हशीचा पाय नायलॉनच्या दाव्यात, दावं हातगाडीच्या चाकात,
आणि मालक दोघांनाही शिव्या देत ओढतोय.
जितकं ओढेल तितकी गाठ आवळे.
मी उतरले. पाच घासण्यांत दावं सुटलं.
तो चाकूकडं बघत राहिला, मग हेल्मेटकडं.
"कोण म्हणायचं तुम्ही, ताई?"
"वाळू तपासतो मी."
त्यानं पुढं काही विचारलं नाही,
फेसाळ दुधाचा पेला तेवढा हातात दिला.

जोतिबाला नारळाची शेंडी काढली,
तेव्हापासून दातांत गुलाल.
गेटवरच्या वॉचमननं पर्स उघडून पाहिलं
आणि त्याचा चेहराच उतरला.
"डोंगरावरचा हाय," मी म्हटलं.
त्यानं चाकूला नमस्कार केला.

सायकलवर धार लावणारा येतो, त्याला दाखवला.
दातांवरनं बोट फिरवून म्हणाला,
"ह्याला आपला दगड चालत न्हाई.
चालतोय तवर चालवा."

आणि मग ती रात्र.
सर्व्हिस रोडला मागं एक मोटारसायकल, दिवा बंद.
मी हळू, ती हळू.
पंचगंगेच्या पुलाआधी पर्समध्ये हात घातला :
किल्ली, रुमाल, वाळू.
तो घरी होता. ताटाळ्यात, झाऱ्याखाली,
निथळत.
पुढं उसाच्या ट्रॅक्टरांची रांग होती,
मोठ्ठ्यानं गाणी लावून चाललेली.
शेवटच्या ट्रॉलीला चिकटून मी पूल ओलांडला,
वाड्यांचा पाला तोंडावर घेत.
मागं पाहिलं तर रस्ता रिकामा.
तो माझ्या मागं होता, की नुसताच मागं होता,
हे अजून ठरलेलं नाही.

दिवाळीत मामा आला.
आवाज खाली घेऊन विचारलं, "कधी काढायला लागला?"
"रोज."
त्याच्या हातातला चहा तिथंच थांबला.
मी आतून आणून दिला.
त्यानं नखानं दातातला गुळाचा खडा काढला,
बराच वेळ बघितला, तोंडात टाकला.
"धुऊन पर्समध्ये ठेव," म्हणाला.
"घरात एक धड सुरी न्हाई, मामा."

पुढच्या खेपेला लक्ष्मीपुरीतनं घेऊन आला,
साधी, लाकडी मुठीची.
आईनं ती वर्तमानपत्रात गुंडाळली
आणि वरच्या फळीवर ठेवली :
नवी हाय. वापरून खराब होईल.